पोटुशी हाय, ही गोळी चालंल का?

"ताई, सर्दीची गोळी द्या. जरा भारीतली द्या, नाकच मोकळं व्हईना."

काउंटरच्या पलीकडे बावीस-तेवीस वर्षांची सून उभी होती. पदराने नाक दाबलेलं, बोटांना मिरची निवडल्याचे हिरवट डाग. मागे सासू. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "दिवस राहिलेत का?" तिने एकदा मागे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. सासू शेजारच्या बाईशी बोलायला दोन पावलं बाजूला झाली, तशी ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "दोन महिने वर झालेत. पोटुशी हाय, पण कुणाला सांगितलं नाई अजून. चालंल का ही गोळी?"

हातात घेतलेला गोळ्यांचा पत्ता मी परत खणात ठेवला.

पिंपळगाव रेणुकाईत आमचं मेडिकल आहे. भोकरदन तालुक्यातलं हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. पावसाळ्यात बाजार भरात आला की आजूबाजूच्या खेड्यांतून मिरचीच्या गाड्या येतात, ढिगांशी बसून बाया फुटकी-सडकी मिरची वेगळी काढतात, आणि भरलेले ट्रक परराज्यांत जातात. त्या दिवसांत गावभर ठसका असतो. मी डी. फार्म. झाले, लग्न होऊन इथे आले आणि अकरा वर्षांपासून या काउंटरवर उभी आहे. सर्दी, शिंका, खाज आणि दमा यांची औषधं मागायला येणाऱ्या बायांत निदान काही जणी गरोदर असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी ते सांगत नाहीत.

न सांगण्याचं कारण मला समजतं. तीन महिने पुरे होईपर्यंत बोभाटा करायचा नाही, दृष्ट लागते, असं माझ्याही माहेरी मानतात. पण बाळाचं हृदय, हात-पाय, चेहरा, मेंदूचा पाया हे सगळं गर्भ राहिल्यानंतरच्या साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आकाराला येतं. पाळी चुकली हे लक्षात येईपर्यंत त्यातले काही दिवस उलटलेलेही असतात. म्हणजे औषधाच्या बाबतीत सगळ्यात जपायचे दिवस आणि बाईने गप्प बसायचे दिवस नेमके एकच. घरच्यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. औषध देणाऱ्याला मात्र सांगायलाच हवं.

त्या दिवशी त्या सुनेला मी बाकावर बसवलं आणि विचारत गेले. शिंका कधी येतात? मिरचीच्या ढिगापाशी बसलं की. घरी आल्यावर? कमी होतात. नाक, डोळे खाजतात का? आग होते, खाज नाही. रात्री? रात्री नाक चोंदतं, तोंडाने श्वास घ्यावा लागतो.

तिच्या त्रासाचे दोन भाग होते आणि त्यातला एकही अ‍ॅलर्जीचा नव्हता.

मिरचीने नाकाला होतं ते बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते, ती झोंब असते. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या, डोळ्यांतल्या आणि घशातल्या वेदना सांगणाऱ्या मज्जातंतूंना भिडतं. हेच तंतू चटका बसल्याचीही खबर देतात, म्हणून मिरची "भाजते" असं आपल्याला वाटतं. ही खबर शरीरातला नेमका कोणता दरवाजा आत सोडतो, हे डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाने कॅप्सेसिन वापरूनच शोधलं. 2021 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत मिळालं. हे काउंटरवर का सांगायचं? कारण अ‍ॅलर्जीची गोळी हिस्टामीन या रसायनाला अडवते, आणि मिरचीची झोंब मुख्यतः हिस्टामीनच्या वाटेने येतच नाही. म्हणून अशा शिंकांवर त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. बाई गोळीवर गोळी घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ढिगाशी बसते. तिला ढिगापासून लांब बसायला जागा हवी, वाऱ्याच्या दिशेला पाठ हवी, नाका-तोंडावर ओला रुमाल हवा, आणि घरी आल्यावर हात-तोंड धुऊन लुगडं बदलायला हवं. जमत असेल तर निवडीचं काम कुणीतरी दुसऱ्याने करावं. मजुरी बुडते हे मला माहीत आहे. म्हणून हे मी सुनेला कमी आणि सासूला जास्त सांगते.

तिच्या त्रासाचा दुसरा भाग, रात्री चोंदणारं नाक, गरोदरपणाचाच होता. गर्भारपणात अंगातलं रक्त वाढतं, संप्रेरकं बदलतात, नाकातलं अस्तर सुजतं. दर पाच गरोदर बायांत साधारण एकीला हा त्रास होतो. शिंका नाहीत, खाज नाही, ताप नाही, नुसतं नाक बंद. बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत ते आपोआप मोकळं होतं. यावरही अ‍ॅलर्जीची गोळी चालत नाही. चालतं ते मिठाचं पाणी: पाणी चांगलं उकळून थंड करायचं, त्यात मीठ, आणि नाक धुवायचं. मेडिकलमध्ये सलाईनचे तयार थेंबही स्वस्त मिळतात. पाणी मात्र उकळलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही, त्यातून क्वचित पण जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. झोपताना उशाला एक उशी जास्त. वाफारा घ्यायचा तर भांडं जमिनीवर पक्कं ठेवून. पोटाचा घेर वाढलेली बाई उकळत्या पातेल्यावर वाकते आणि ते कलंडतं.

मग खरी अ‍ॅलर्जी कुठली? एकामागून एक शिंका, नाकातून पाण्याची धार, टाळू आणि डोळे खाजणं, आणि ठरावीक गोष्टीजवळ गेलं की ते हमखास सुरू होणं. आपल्याकडे धान्याची धूळ, गोधड्यांतले धुळीचे किडे, पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी आणि गाजर गवत ही मोठी कारणं. गाजर गवत, म्हणजे लोक ज्याला काँग्रेस गवत म्हणतात ते, आपलं नव्हेच. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली ठळक नोंद झाली आणि आज मराठवाड्यात एकही बांध त्याच्यावाचून नाही. फुलावर आलं की त्याचे परागकण नाकाला आणि त्याचा रस कातडीला त्रास देतो. गरोदर बाईने ते उपटायला जाऊ नये. फवारणी चालू असलेल्या वावरातही जाऊ नये. तिथे प्रश्न अ‍ॅलर्जीपलीकडचा आहे.

आता गोळ्यांकडे येते.

गरोदर बायांच्या मनात औषधाची भीती आहे आणि ती उगाच आलेली नाही. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाईड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिलं गेलं. 1961 च्या शेवटी ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हात-पाय खुंटलेली जन्मली होती. त्यानंतर जगाने औषधं तपासायची रीतच बदलली. ही भीती राहावी असंच मला वाटतं. पण ती सगळ्या औषधांवर सारखीच लावली तर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे, आणि ते बायांना माहीत नसतं.

डॉक्सिलामाईन हे अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांच्याच घराण्यातलं जुनं औषध. ते बी-6 जीवनसत्त्वासोबत उलट्यांवर दिलं जाई. अमेरिकेत त्याच्यावर खटले भरले गेले, आणि 1983 मध्ये कंपनीने ते बंद केलं. पुढे हजारो बाळंतपणांचा अभ्यास झाला. त्यात बाळांना धोका दिसला नाही. उलट औषध गेल्यावर उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात दाखल होणाऱ्या गरोदर बायांचं प्रमाण वाढलं. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला पुन्हा मंजुरी दिली. आपल्याकडेही ओकाऱ्यांवर डॉक्टर ही गोळी सर्रास लिहितात. म्हणजे "अ‍ॅलर्जीची गोळी नको गं माय" म्हणणारी बाई पुष्कळदा त्याच जातीची गोळी रोज रात्री घेत असते.

अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांपैकी सेट्रिझिन, लोरॅटाडिन आणि जुनी क्लोरफेनिरामाईन यांचा गरोदर बायांतला अनुभव मोठा आणि दिलासा देणारा आहे. त्या घेतलेल्या आयांच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. हे म्हणताना एक आकडा लक्षात ठेवावा: काहीही औषध न घेतलेल्या शंभर बायांमध्येही दोन-तीन बाळं कसल्या ना कसल्या जन्मजात व्यंगासह जन्मतात. क्लोरफेनिरामाईनने गुंगी येते, ती घेऊन वावरातल्या विहिरीच्या काठावर जायचं नाही. सेट्रिझिननेही काहींना झोप येते, म्हणून ती रात्री बरी. लिव्होसेट्रिझिन हा सेट्रिझिनचाच एक भाग. वाईट काही दिसलेलं नाही, पण अनुभव त्या मानाने थोडा. हायड्रॉक्सिझिन ही खाजेवरची गोळी मात्र सुरुवातीच्या महिन्यांत टाळायची. यातलं काहीही डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढेच दिवस.

माझा खरा राग आहे तो "सर्दीच्या गोळी"वर. एका गोळीत तीन-चार औषधं कोंबलेली असतात. पत्त्याची मागची बाजू उजेडात धरून वाचा: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाईन, फेनिलेफ्रिन, कधी कॅफीन, कधी त्यात आणखी एक दुखणं मारणारं औषध. पॅरासिटामॉल गरोदरपणात डॉक्टर तापासाठी देतात. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं; पहिल्या तीन महिन्यांत आणि रक्तदाब वाढलेला असेल तर कधीही ते नको. आणि ते ज्यासाठी घ्यायचं तेही होत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं, की तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेलं नाक उघडत नाही. म्हणजे फायदा शून्य आणि जोखीम पदरात. गोळीत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा निमेसुलाईड असेल तर ती बाजूला ठेवा. वीस आठवड्यांनंतर या जातीच्या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

दुसरी जोडगोळी म्हणजे लिव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेलुकास्ट. आपल्या भागात साध्या शिंकेलाही ती लिहिली जाते. मॉन्टेलुकास्टने बाळाला इजा होते असं दिसलेलं नाही. पण त्याने काही माणसांची झोप उडते, मन खचतं, भलते विचार येतात, म्हणून 2020 मध्ये अमेरिकेने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. दम्यासाठी डॉक्टरांनी विचार करून दिलं असेल तर चालू ठेवा. नुसत्या सर्दीला, आणि तेही गरोदरपणी, ते कशाला?

नाक उघडणारे थेंब हा आणखी एक सापळा. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन घातलं की मिनिटात नाक मोकळं होतं, म्हणून बाई घालतच राहते. तीन ते पाच दिवसांपुढे गेलं की उलटं होतं: थेंबांची सवय लागते आणि ते उतरले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. अ‍ॅलर्जीचं नाक आठवडेच्या आठवडे वाहत असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉईडचा फवारा देतात. त्यात ब्युडेसोनाईडचा गरोदरपणातला अनुभव सगळ्यात जास्त आहे. "स्टिरॉईड" शब्द ऐकून बाया दचकतात, पण हा फवारा नाकातच काम करतो, रक्तात फार थोडा जातो.

दचकायचं ते वेगळ्याच स्टिरॉईडला. खेड्यात खाज, शिंका, दमा, अंगदुखी, सगळ्यांवर डेक्सामेथासोनचं इंजेक्शन किंवा बीटामेथासोनच्या बारीक गोळ्या दिल्या जातात, आणि लगेच आराम पडतो म्हणून लोक मागूनही घेतात. ही दोन औषधं वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतात. म्हणूनच अवेळी कळा आल्या तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत यासाठी दवाखान्यात डेक्सामेथासोन मुद्दाम देतात. तिथे त्याचं मोल फार मोठं आहे. तेच औषध शिंकेसाठी आठवड्याला एकदा टोचून घेणं म्हणजे बाळालाही विनाकारण टोचणं. आईलाच पोटातून स्टिरॉईडची गरज असेल तर डॉक्टर बहुधा प्रेडनिसोलोन देतात, कारण वार त्याचा बराचसा भाग निष्प्रभ करते.

आता माझी गोष्ट. मला शाळेपासून दमा आहे, रोजचा पंप आहे. पहिल्या वेळी दिवस राहिले आणि मी पंप बंद केला. शिकलेलं सगळं डोक्यात होतं, पण पोटात बाळ आलं की डोकं वेगळं चालतं. मला वाटलं, बाळासाठी एवढं सोसीन. सातव्या महिन्यात, ऐन मिरचीच्या दिवसांत, एका रात्री धाप लागली. बसून राहिले, मग उभी राहिले, ओठ निळसर पडले तेव्हा आत्याबाईंनी गाडी काढायला लावली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिलं. सकाळी डॉक्टर बाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या रक्तात ऑक्सिजन कमी झाला तर बाळाने कुठून आणायचा?"

हे वाक्य मी तेव्हापासून शेकडो बायांना सांगितलं आहे. दमेकरी बायांपैकी साधारण एक तृतीयांश जणींचा दमा गरोदरपणात वाढतो, तितक्याच जणींचा कमी होतो, उरलेल्यांचा आहे तसा राहतो. आपण कुठल्या तिसऱ्यात, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. आटोक्यात नसलेल्या दम्याने आईचा रक्तदाब वाढण्याचा, दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. ब्युडेसोनाईडचा पंप, सालब्युटामॉलचा पंप गरोदरपणातही चालू ठेवायचे. बाळंतपणाच्या खोलीतही ते पिशवीत हवेत. माझी मुलगी वेळेवर आणि धडधाकट जन्मली, पण ती रात्र माझ्या मनातून गेलेली नाही.

खाजेचं निराळं सांगायचं आहे. अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे "पित्त उठलं" म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. त्याने थंड वाटतं, चोळायला हरकत नाही. पण सातव्या-आठव्या महिन्यानंतर अंगावर पुरळ काहीच नाही आणि तळहात-तळपाय खाजतात, विशेषतः रात्री, तर ती अ‍ॅलर्जी समजून गोळी घेऊन झोपू नका. यकृतातला पित्तरस रक्तात साठला की असं होतं, आणि त्याचा धोका बाळाला असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा, रक्त तपासून घ्या. आणि एखादं इंजेक्शन, गोळी किंवा गांधीलमाशीचा डंख यानंतर ओठ-जीभ सुजली, श्वास अडला, भोवळ आली, तर डाव्या कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन करा. तिथे जीव वाचवणारं औषध अ‍ॅड्रेनॅलिन आहे. ते गरोदर बाईलाही द्यायचंच असतं, पोटुशी म्हणून थांबायचं नसतं.

घरचं औषध म्हणजे निर्धोक, हा समजही मी रोज ऐकते. अडुळशाचा काढा खोकल्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. पण अडुळशातलं व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचित करतं, म्हणून गरोदर बाईने तो टाळावा. ज्येष्ठमधही गरोदरपणात भरपूर खायची गोष्ट नाही. तुळशीचं एखादं पान, कोमट पाणी, चमचाभर मध, एवढ्यावर घसा शांत होत असेल तर तेच बरं. दुसऱ्या बाजूने, "बाळाला अ‍ॅलर्जी होईल" म्हणून सुनेची अंडी, दूध, शेंगदाणे बंद करणाऱ्या घरांना माझं हात जोडून सांगणं आहे: आईने हे पदार्थ सोडल्याने बाळाची अ‍ॅलर्जी टळत नाही. आई मात्र अशक्त होते.

ती सून पुढच्या नऊ तारखेला आरोग्य केंद्रात गेली. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. कार्डावर तिने नाकाचा त्रास लिहून घेतला. गोळी तिला लागलीच नाही. मिठाचं पाणी आणि बसायची बदललेली जागा एवढ्यावर भागलं. सासूला कळलं तेव्हा ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मला आधी सांगितलं असतं तर मिरची निवडायला बसवलीच नसती."

तुम्हीही औषधाच्या दुकानात जाल तेव्हा दुखणं सांगायच्या आधी हे सांगा: मला दिवस गेलेत, किंवा माझी पाळी चुकली आहे. मोठ्याने सांगता येत नसेल तर कागदावर लिहून काउंटरवर सरकवा.